बायलाइनला (लेखावरच्या तुमच्या नावाला) वजन कसं येतं: तंत्रज्ञान पत्रकारासाठी सविस्तर मार्गदर्शक

१८ डिसेंबर २०१३ रोजी टार्गेट या अमेरिकी दुकानसाखळीतून ग्राहकांच्या कार्डांचा तपशील चोरीला गेल्याची बातमी फुटली. ती दिली ब्रायन क्रेब्स या एकट्या पत्रकारानं, स्वतःच्या संकेतस्थळावर. दुसऱ्याच दिवशी सुमारे ४ कोटी कार्डांची माहिती गेल्याचं कंपनीला मान्य करावं लागलं. क्रेब्स २००९ पर्यंत वॉशिंग्टन पोस्टमध्ये होते. तिथून बाहेर पडल्यावर त्याच वर्षाच्या अखेरीस त्यांनी केवळ सायबर गुन्हेगारीला वाहिलेलं संकेतस्थळ सुरू केलं. टार्गेटची बातमी हाती आली तेव्हा तिच्यामागे चार वर्षांचं एकाच विषयावरचं लिखाण उभं होतं. फसवणुकीचा छडा लावणारी बँकांमधली माणसं त्यांच्याशी बोलायची, कारण या माणसाला आपलं काम कळतं हे त्यांनी त्याच्या लेखांत पाहिलेलं होतं.

तंत्रज्ञान पत्रकाराचा वैयक्तिक ब्रँड म्हणजे माझ्या लेखी हेच. एखाद्या विषयात काही घडलं की त्या क्षेत्रातल्या माणसांना सर्वांत आधी तुमचं नाव आठवावं, आणि तुम्ही सांगता ते तुम्हाला कुठून कळलं हे वाचकाला तपासता यावं. लोगो, चांगला फोटो, सगळीकडे एकच रंगसंगती या गोष्टी वाईट नाहीत, पण त्यांच्यावर महिना घालवणारे खूप जण मी पाहिले आहेत. त्यांच्याकडे सुंदर पान असतं आणि त्या पानावर ठेवायला तीन लेखही नसतात. म्हणून इथे क्रम उलटा ठेवला आहे: आधी काम, मग कामाची पद्धत, मग ते काम ठेवायची जागा.

पायरी १: विषय निवडू नका, प्रश्न निवडा

"मी गॅजेट्सवर लिहितो" किंवा "मी एआय कव्हर करते" या वाक्यांनी कुणाच्या लक्षात काहीच राहत नाही. हे विषय इतके अवाढव्य आहेत की त्यात तुमची जागा कुठली ते तुम्हालाही कळत नाही. त्याऐवजी असा प्रश्न घ्या, ज्याचं उत्तर शोधायला तुम्हाला दोन-तीन वर्षं लागली तरी चालतील. "फोन घेतल्यावर चौथ्या वर्षी त्याचं काय होतं?" हा एक प्रश्न झाला. त्यात बॅटरीची झीज आली, सुरक्षा अपडेट कधी बंद होतात ते आलं, सुटे भाग मिळतात का, दुरुस्ती कोण करू देत नाही, जुना फोन शेवटी कुठे जातो हे सगळं आलं. "रुग्णालयांमधलं सॉफ्टवेअर बिघडतं तेव्हा जबाबदार कोण?" हा दुसरा. "शाळेतली ॲप्स मुलांबद्दल काय साठवतात?" हा तिसरा. असा प्रश्न हाती आला की तुमच्या प्रत्येक लेखाला आधीच्या लेखाचा आधार मिळतो.

प्रश्न पक्का करण्याआधी तो तीन प्रकारे तपासून पाहा. एका बैठकीत त्यावर वीस लेखांचे मथळे लिहा. बाराव्या-तेराव्याला अडलात तर एक तर प्रश्न फार अरुंद आहे किंवा तुमचं वाचन अजून कमी आहे. दुसरं, या प्रश्नाशी रोज झगडणाऱ्या माणसांची यादी करा: अभियंते, दुरुस्ती करणारे, वकील, संशोधक, ग्राहक संघटनांचे कार्यकर्ते. त्यातल्या निदान पाच जणांपर्यंत तुम्ही पोहोचू शकता का? तिसरी कसोटी सर्वांत महत्त्वाची. या विषयात नियमितपणे नवी कागदपत्रं बाहेर येतात का? येत नसतील तर तुम्ही कायम कुणाच्या तरी प्रसिद्धीपत्रकाची वाट पाहत बसाल.

प्रश्नाबरोबर एक बाजूही ठरते, आणि ती ठरवताना संकोच करू नका. वॉल्ट मॉसबर्ग यांचं वॉल स्ट्रीट जर्नलमधलं सदर १७ ऑक्टोबर १९९१ रोजी सुरू झालं. पहिल्याच वाक्यात त्यांनी म्हटलं होतं की पर्सनल कॉम्प्युटर वापरायला फारच अवघड आहेत आणि त्यात वाचकाचा दोष नाही. त्या काळातलं बहुतेक संगणकविषयक लेखन जाणकारांनी जाणकारांसाठी केलेलं असायचं. मॉसबर्ग टेबलाच्या दुसऱ्या बाजूला, सामान्य वापरणाऱ्याशेजारी जाऊन बसले आणि पुढची दोन दशकं तिथून हलले नाहीत. तुम्ही कुणाशेजारी बसणार, हे एका वाक्यात लिहून काढा. हेच वाक्य पुढे तुमच्या परिचयाची पहिली ओळ होईल.

पायरी २: मूळ कागदापर्यंत जायची सवय

नवख्या तंत्रज्ञान पत्रकाराचा दिवस इतरांनी दिलेल्या बातम्या वाचण्यात आणि त्या आपल्या शब्दांत पुन्हा लिहिण्यात जातो. मीही सुरुवातीची बरीच वर्षं तेच केलं. त्यातून हात लिहिता राहतो हे खरं, पण तेच लिहिणारे आणखी शंभर जण असतात आणि वाचकाला कुणाचंच नाव आठवत नाही. तुमचं वेगळेपण सुरू होतं ते इतरांनी न उघडलेली फाइल तुम्ही उघडता त्या दिवशी.

तंत्रज्ञानाच्या क्षेत्रात अशा फाइल्स भरपूर आहेत आणि बहुतेक मोफत आहेत. सॉफ्टवेअरमधल्या ज्ञात सुरक्षा त्रुटींना क्रमांक देणारी सीव्हीई ही यादी १९९९ पासून चालू आहे. एखाद्या कंपनीच्या राउटरमध्ये वर्षभरात कुठल्या त्रुटी सापडल्या आणि त्यातल्या किती अजून दुरुस्त व्हायच्या आहेत, हे तिथून काढता येतं. पेटंटचे अर्ज साधारणपणे दाखल झाल्यापासून १८ महिन्यांनी खुले होतात. अमेरिकेत रेडिओ लहरी वापरणारं उपकरण विकण्याआधी एफसीसी या नियामकाची मान्यता लागते. त्या नोंदींमध्ये चाचणी अहवाल असतात, आणि गुप्ततेची मुदत संपली की उपकरणाच्या आतले फोटोही दिसू लागतात. शेअर बाजारात नोंदलेल्या अमेरिकी कंपन्यांच्या वार्षिक अहवालात 'जोखीम' नावाचा विभाग असतो. मंचावर जी गोष्ट यशोगाथा म्हणून सांगितली जाते, तिच्याबद्दलच्या धास्ती त्या विभागात वकिली भाषेत लिहिलेल्या सापडतात. न्यायालयातली प्रतिज्ञापत्रं, मुक्त-स्रोत (कोड सगळ्यांसाठी खुला असलेल्या) प्रकल्पांमधले बदल, इंटरनेटचे मानक ठरवणाऱ्या गटांमधल्या खुल्या चर्चा, कंपन्यांच्या नोकरीच्या जाहिराती, ॲपच्या गोपनीयता धोरणातले शांतपणे केलेले बदल, या सगळ्यांतून बातमी निघते.

मात्र प्रत्येक कागद किती सिद्ध करतो हे ठाऊक हवं. पेटंट म्हणजे उत्पादन नव्हे; कंपन्या असंख्य कल्पनांवर हक्क सांगून ठेवतात आणि त्यातल्या बऱ्याच कधीच बाजारात येत नाहीत. सीव्हीई क्रमांक मिळाला म्हणजे त्या त्रुटीचा कुणी गैरफायदा घेतलाच असंही नाही. इथे घाई करून "कंपनी अमुक आणणार" असं छापलंत तर त्या दिवशी वाचक मिळतील, पण त्या क्षेत्रातला जाणकार तुमचं नाव मनातून खोडेल.

आठवड्यातली एक सकाळ फक्त या कामासाठी राखून ठेवा. एक साधी तक्त्याची फाइल पुरते: कागद कुठला, कधी पाहिला, मागच्या वेळेपेक्षा काय बदललं, कुणाला विचारायचं. पहिले दोन महिने हाती काही लागत नाही. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात बदल दिसू लागतात, कारण तोवर तुलनेसाठी तुमच्याकडे आधीची नोंद तयार झालेली असते. धोरणाच्या पानांची प्रत प्रत्येक वेळी जतन करा. ती पानं जुनी तारीख मागे न ठेवता बदलली जातात.

पायरी ३: पद्धत उघडी ठेवा

आनंद लाल शिंपी यांनी १९९७ मध्ये, शाळकरी वयात, आनंदटेक हे संकेतस्थळ सुरू केलं. ऑगस्ट २०२४ मध्ये ते बंद झालं तेव्हा जगभरच्या हार्डवेअर अभियंत्यांनी हळहळ व्यक्त केली. त्या नावाला एवढं वजन आलं ते चाचणीच्या शिस्तीमुळे. काही फोन ठरावीक बेंचमार्क ॲप (फोनचा वेग मोजणारी ॲप) ओळखून तेवढ्यापुरता प्रोसेसर जोरात पळवतात, हे २०१३ मध्ये आनंदटेकनं दाखवून दिलं. असं काही पकडायला आकडा नुसता छापून चालत नाही, तो कसा आला हे आधी स्वतःला माहीत असावं लागतं.

त्यामुळे तुमच्या संकेतस्थळावर 'मी चाचणी कशी करतो' असं एक पान हवंच. बातम्या देत असाल तर 'मी पडताळणी कशी करतो' असं. त्यात मोठी तत्त्वं लिहू नका, काम लिहा. फोनच्या बॅटरीचं उदाहरण घेऊ: पडद्याचा उजेड किती ठेवला, कुठलं नेटवर्क, खोलीचं तापमान किती, सॉफ्टवेअरची आवृत्ती कुठली, चाचणी किती वेळा केली आणि प्रत्येक वेळचे आकडे वेगळे आले तेव्हा काय केलं. प्रत्येक परीक्षणाखाली चार ओळींची नोंद ठेवा. ती साधारण अशी असते: "हा फोन कंपनीनं परीक्षणासाठी तीन आठवड्यांकरिता दिला. मी तो अठरा दिवस माझा एकमेव फोन म्हणून वापरला. मधल्या काळात एक अपडेट आलं; कॅमेऱ्याची निरीक्षणं अपडेटनंतरची, बॅटरीची आधीची आहेत. पाण्याखालची चाचणी केलेली नाही." शेवटचं वाक्य सर्वांत मोलाचं. काय तपासलं नाही हे सांगणाऱ्या माणसानं जे तपासलं म्हटलंय, त्यावर विश्वास बसतो.

एप्रिल २०१९ मध्ये सॅमसंगचा पहिला घडीचा फोन परीक्षकांच्या हाती आला आणि काही दिवसांतच काहींचे पडदे बिघडले. काहींनी वरचा थर संरक्षक फिल्म समजून सोलला होता. काहींनी काहीच सोललं नव्हतं तरीही पडदा गेला. आपण नेमकं काय केलं, थर काढला की नाही, हे ज्यांनी त्या वेळी काटेकोरपणे सांगितलं, त्यांच्यामुळे हे दोन वेगळे प्रश्न आहेत हे वाचकांना कळलं. कंपनीनं विक्रीची तारीख पुढे ढकलली. तेव्हापासून कुठलंही उपकरण खोक्यातून काढताना मी मोबाइलवर सलग चित्रीकरण करून ठेवते. ते कधी छापायला लागलेलं नाही, पण दोनदा कंपनीशी बोलताना त्यामुळे मला खंबीरपणे उभं राहता आलं.

बातमीच्या बाबतीत हीच गोष्ट 'हे कसं कळलं' या परिच्छेदातून करता येते. किती माणसांशी बोललात, त्यांना ही माहिती प्रत्यक्ष होती की ऐकीव, कुठले कागद स्वतः पाहिले, कंपनीला उत्तरासाठी किती वेळ दिला. सूत्राची ओळख झाकूनही यातलं बरंच सांगता येतं.

पायरी ४: हितसंबंधांचं जाहीर निवेदन आणि पीआरशी वागणं

मॉसबर्ग यांनी आपल्या नैतिक भूमिकेचं निवेदन जाहीरपणे मांडलं होतं: ज्या कंपन्यांबद्दल लिहितो त्यांच्याकडून पैसे घेत नाही, फुकट वस्तू ठेवून घेत नाही, त्यांचे शेअर बाळगत नाही. तुमचंही असं पान असू द्या आणि ते तुमच्या खऱ्या परिस्थितीवर लिहा. उसनी भाषा लगेच ओळखू येते. कंपनीच्या खर्चानं प्रवास करता का? करत असाल तर तसं लिहा, आणि त्या लेखातही लिहा. खरेदीच्या दुव्यांवर कमिशन मिळतं का? घरातलं कुणी तंत्रज्ञान कंपनीत आहे का? व्याख्यानाचं मानधन कुणाकडून घेतलं? म्युच्युअल फंड आहेत पण थेट शेअर नाहीत, एवढं साधं वाक्यही पुरतं.

मोठ्या संस्थेच्या छत्रामुळे हा प्रश्न सुटत नाही. जानेवारी २०१३ मध्ये सीनेट (CNET) या तंत्रज्ञानविषयक संकेतस्थळाच्या परीक्षकांनी एका प्रदर्शनातल्या पुरस्कारासाठी डिश या टीव्ही सेवा कंपनीच्या रेकॉर्डरची निवड केली होती. सीनेटची मालक असलेली सीबीएस ही प्रसारण कंपनी तेव्हा डिशशी न्यायालयात लढत होती आणि तिनं तो पुरस्कार द्यायला मनाई केली. बातमीदार ग्रेग सँडोव्हल यांनी त्यावर राजीनामा दिला. संस्थेच्या नावावर डाग पडला तरी स्वतःच्या नावाचं काय करायचं हे त्यांच्या हातात होतं, आणि ते त्यांनी वापरलं.

पीआरशी, म्हणजे कंपन्यांच्या जनसंपर्क विभागांशी, भांडायची गरज नसते. ती माणसं त्यांचं काम करत असतात आणि त्यांच्यातली चांगली माणसं तुम्हाला योग्य अभियंत्याशी जोडून देतात. फक्त अटी पहिल्याच मेलमध्ये स्पष्ट करा. मी पाठवते तो मजकूर असा: "एम्बार्गोची वेळ मान्य आहे. प्रकाशनापूर्वी मजकूर किंवा प्रश्नावली दाखवली जाणार नाही. तथ्यांची खातरजमा करायला मी स्वतः फोन करेन. उपकरण अमुक तारखेला परत पाठवेन." एम्बार्गो म्हणजे ठरलेल्या वेळेआधी बातमी छापायची नाही, असा दोन्ही बाजूंनी आधी मान्य केलेला करार असतो; न विचारता आलेल्या मेलवर तो शब्द छापलेला आहे म्हणून तुम्ही बांधले जात नाही. पण एकदा हो म्हटलंत तर एक मिनिटही आधी छापू नका. 'ऑफ द रेकॉर्ड' (माहिती छापायचीच नाही) आणि 'नाव न छापता' (माहिती छापायची, नाव नाही) या दोन गोष्टींमधला फरकही संभाषण सुरू होण्याआधी बोलून घ्या. कंपन्यांचे प्रवक्ते सरसकट नाव लपवून बोलू लागले होते, म्हणून २०२१ मध्ये द व्हर्ज या तंत्रज्ञानविषयक संकेतस्थळानं आपलं धोरण उघडपणे बदललं: प्रवक्ता बोलतो ते नावासह, वेगळं काही हवं असेल तर आधी ठरवून. एकट्या पत्रकारालाही हा नियम जसाच्या तसा लावून घेता येतो.

पायरी ५: स्वतःचा पत्ता

एका प्रकाशनासाठी मी पाच वर्षं लिहिलं. त्यांनी संकेतस्थळ नव्यानं बांधलं आणि एका रात्रीत माझ्या जवळपास सगळ्या लेखांचे दुवे मेले. कुणाचा वाईट हेतू नव्हता. पण त्यानंतर कुणी "तुमचं आधीचं काम दाखवा" म्हटलं की माझ्याकडे दाखवायला आठवणीच होत्या. तुमच्यावर ही वेळ येऊ नये, म्हणून ही पायरी जरा तपशिलात सांगते.

हे माझ्या एकटीच्या नशिबाचं नव्हतं. २०१३ मध्ये अस्तित्वात असलेल्या वेब पानांपैकी ३८ टक्के दहा वर्षांनी उघडत नाहीत, असं प्यू रिसर्च सेंटर या अमेरिकी संशोधन संस्थेनं २०२४ मध्ये दाखवून दिलं. ज्या मंचांवर लोकांनी आपली ओळख उभी केली ते मंचही जातात: गूगल रीडर २०१३ मध्ये बंद झाला, वाइन हा छोट्या व्हिडिओंचा मंच २०१७ मध्ये, गूगल प्लस सामान्य वापरकर्त्यांसाठी २०१९ मध्ये.

पहिलं काम, स्वतःच्या नावाचं डोमेन (इंटरनेटवरचा पत्ता) घ्या आणि त्याचं नूतनीकरण आपोआप होईल असं लावून ठेवा. संस्थेच्या किंवा एखाद्या सेवेच्या नावाखालचा पत्ता पुरेसा नाही. दुसरं, प्रत्येक लेख प्रसिद्ध झाल्याच्या दिवशी त्याची पीडीएफ स्वतःकडे ठेवा आणि दुवा वेब पानांच्या जुन्या प्रती साठवणाऱ्या इंटरनेट अर्काइव्हच्या वेबॅक मशीनमध्ये जतन करा. एका लेखाला दोन मिनिटं लागतात. तिसरं, करार वाचा. लेखाचे हक्क कुणाचे, ठरावीक काळानंतर तो तुमच्या जागेवर पुन्हा छापता येतो का, हे सही करण्याआधी विचारा. पूर्ण मजकूर ठेवायची परवानगी नसेल तर शीर्षक, तारीख, तीन ओळींचा सारांश आणि जतन केलेला दुवा एवढं ठेवता येतं.

संकेतस्थळाच्या पहिल्या पानावर माझ्या मते चारच गोष्टी असाव्यात: तुमचं ते एक वाक्य, निवडक पाच-सहा लेख, पद्धत आणि हितसंबंधांच्या पानांचे दुवे, आणि तुमच्यापर्यंत पोहोचायचा मार्ग. निवडक लेखांत प्रत्येकाखाली त्याचं पुढे काय झालं ते लिहा: त्रुटी दुरुस्त झाली, धोरण बदललं, किंवा काहीच झालं नाही. नाव आणि छायाचित्र सगळीकडे एकच ठेवा. नाव दोन-तीन प्रकारे लिहिलं जात असेल तर एक प्रकार पक्का करा, नाहीतर शोधणाऱ्याला तुम्ही दोन वेगळी माणसं वाटता.

त्यानंतर न्यूजलेटर. मी याला समाजमाध्यमांच्या वर ठेवते, कारण वाचकांच्या ईमेल पत्त्यांची यादी तुम्ही उचलून दुसरीकडे नेऊ शकता. केसी न्यूटन २०२० मध्ये द व्हर्जमधून बाहेर पडून प्लॅटफॉर्मर हे न्यूजलेटर काढू लागले. जानेवारी २०२४ मध्ये त्यांनी सबस्टॅक ही न्यूजलेटर-सेवा सोडून घोस्ट या दुसऱ्या सेवेवर जायचं ठरवलं, तेव्हा वाचक त्यांच्याबरोबर गेले. फॉलोअर असे नेता येत नाहीत. सेवा निवडताना यादी बाहेर काढता येते का, एवढा एक प्रश्न विचारलाच पाहिजे. स्वतःच्या डोमेनवरून पाठवणार असाल तर पत्र खरंच तुमच्याच डोमेनवरून आलं आहे हे पटवणाऱ्या एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क या तीन नोंदी लावून घ्या. मोठ्या प्रमाणावर मेल पाठवणाऱ्यांसाठी गूगल आणि याहू यांनी फेब्रुवारी २०२४ पासून त्या आवश्यक केल्या आहेत, आणि लहान यादीलाही त्या नसतील तर पत्र स्पॅममध्ये जाण्याची शक्यता वाढते. वारंवारिता झेपेल तेवढीच ठेवा. पंधरवड्यातून एकदा, पण ठरल्या दिवशी.

समाजमाध्यमांपैकी एकच मनापासून चालवा, तुमच्या प्रश्नाशी संबंधित माणसं जिथे बोलतात ते. तिथे लेखाचा नुसता दुवा टाकून निघून जाऊ नका. मूळ कागदातली ती एक ओळ दाखवा, तिचा अर्थ सांगा, आणि पहिल्या दिवशी येणाऱ्या प्रश्नांना उत्तरं द्या.

पायरी ६: चूक झाली की

एका लेखात मी एका मेसेजिंग ॲपचे संदेश "एन्क्रिप्टेड (सांकेतिक रूपात कुलूपबंद) असल्यामुळे कंपनीलाही वाचता येत नाहीत" असं लिहिलं. एका वाचकानं कळवलं की एन्क्रिप्शन फक्त संदेशाच्या प्रवासातलं आहे, ते उघडायच्या चाव्या कंपनीच्याच सर्व्हरवर आहेत. म्हणजे कंपनी वाचू शकते. तो बरोबर होता, आणि ही बारीक चूक नव्हती, कारण माझ्या वाक्यावर भरवसा ठेवून कुणी नको ते त्या ॲपवर बोललं असतं. मी लेखाच्या वरच, तळाशी नाही, तारखेसह लिहिलं: आधी काय म्हटलं होतं, बरोबर काय आहे, चूक कशी झाली. पुढच्या न्यूजलेटरमध्येही ते सर्वांत आधी सांगितलं. तो वाचक सुरक्षा अभियंता निघाला. आज क्रिप्टोग्राफीबद्दल, म्हणजे एन्क्रिप्शनच्या शास्त्राबद्दल, काहीही छापण्याआधी मी त्याला विचारते.

दुरुस्तीची नोंद नेहमी या तीन भागांत लिहा आणि सगळ्या दुरुस्त्या एका पानावर जमा करा. गुपचूप शब्द बदलणं कधीच करू नका. जतन केलेली जुनी प्रत कुणाकडे तरी असतेच.

एआय साधनांचा मुद्दा इथेच येतो. सीनेटनं एआयनं लिहिलेले अर्थविषयक लेख छापले होते. जानेवारी २०२३ मध्ये ते उघडकीला आल्यावर झालेल्या तपासणीत ७७ पैकी ४१ लेखांत दुरुस्त्या कराव्या लागल्या. चक्रवाढ व्याजाचं साधं गणितही चुकलेलं होतं. मुलाखतीचं ध्वनिमुद्रण शब्दबद्ध करायला किंवा लांब कागदात शोध घ्यायला ही साधनं मी वापरते, आणि कशासाठी वापरते हे पद्धतीच्या पानावर लिहिलेलं आहे. शब्दबद्ध झालेलं प्रत्येक अवतरण मूळ ध्वनिमुद्रणाशी ताडून पाहिल्याशिवाय छापत नाही.

पायरी ७: सूत्रांची आणि स्वतःची सुरक्षा

तंत्रज्ञान पत्रकारानं इथे चूक केली तर त्याला सबब नाही, असं माझं ठाम मत आहे. डिसेंबर २०१२ मध्ये पोलिसांना हवे असलेले जॉन मॅकॅफी, अँटिव्हायरस कंपनीचे संस्थापक, लपून फिरत होते. व्हाइस या माध्यमसंस्थेनं त्यांच्यासोबतचा फोटो छापला. त्या फाइलमध्ये जागेचे अक्षांश-रेखांश तसेच राहिले होते आणि ते ग्वाटेमालात आहेत हे जगाला कळलं. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये वायर्ड मासिकाचे मॅट होनन यांची खाती तासाभरात ताब्यात घेतली गेली. हल्लेखोरांनी एका कंपनीच्या मदतकेंद्राला फसवून त्यांच्या खात्यातून कार्डाचे शेवटचे चार अंक मिळवले आणि ते दुसऱ्या कंपनीच्या मदतकेंद्राला सांगून पासवर्ड बदलून घेतला. होनन यांचा फोन, टॅबलेट आणि लॅपटॉप दुरून पुसले गेले. त्यांच्या लहान मुलीचे फोटोही त्यात होते. त्यांनी पुढे हे सगळं, स्वतःच्या हलगर्जीसकट, सविस्तर लिहिलं आणि दोन्ही कंपन्यांना फोनवरून पासवर्ड बदलून देण्याच्या पद्धती आवराव्या लागल्या.

म्हणून पहिल्या आठवड्यातच हे उरका: ईमेल आणि डोमेन या दोन खात्यांना हार्डवेअर सुरक्षा-चावी (लॉगिन करताना जोडायचं छोटं उपकरण) लावा, कारण बाकी सगळ्याचे पासवर्ड तिथूनच बदलता येतात. पासवर्ड मॅनेजर वापरा. एसएमएसवर येणारा कोड जिथे टाळता येतो तिथे टाळा. बॅकअप घ्या आणि तो खरंच उघडतो का हे पाहा. छापण्याआधी फोटो आणि कागदांमधला मेटाडेटा (जागा, वेळ, लेखक अशी फाइलमध्ये दडलेली माहिती) काढा. सूत्राकडून आलेली मूळ फाइल जशीच्या तशी कंपनीला प्रतिक्रियेसाठी पाठवू नका. तिच्यावर ती कुणाची प्रत आहे याची खूण असू शकते. त्यातला मजकूर स्वतः टाइप करून विचारा.

मग संपर्काच्या पानावर सिग्नल या सुरक्षित मेसेजिंग ॲपचा पत्ता द्या आणि त्याखाली साध्या शब्दांत सूचना लिहा: कार्यालयाच्या फोनवरून किंवा नेटवर्कवरून लिहू नका, संदेश आपोआप नाहीसे होतील असं ठेवा, मला काय उपयोगी पडेल आणि काय नाही. हे पान वाचून माहिती देणारा माणूस ठरवतो की तुमच्या हाती आपली नोकरी सोपवायची की नाही. माझ्या अनुभवात तुमच्या ब्रँडची सर्वांत कडक परीक्षा घेणारा वाचक हाच, आणि तो तुम्हाला बहुधा एकदाच लिहितो.

पायरी ८: नाव पसरवणं, पैसा आणि वर्षअखेरची तपासणी

व्याख्यानं, पॉडकास्टवर पाहुणे म्हणून जाणं, इतरांच्या लेखात तज्ज्ञ म्हणून बोलणं, हे सगळं करा, पण तुमच्या प्रश्नाच्या हद्दीतच. हद्दीबाहेरचं विचारलं तर योग्य माणसाचं नाव सुचवा. संपादकांना लेख सुचवताना मेलमध्ये कल्पना कमी आणि हातात असलेला कागद जास्त दिसू द्या: "अमुक त्रुटी नोंदवून चौदा महिने झाले, दुरुस्ती नाही, उपकरण अजून विकलं जातंय, मी दोन संशोधकांशी बोलले आहे." नोकरीत असाल तर न्यूजलेटर सुरू करण्याआधी संपादकांची लेखी परवानगी घ्या.

वाचकांकडून पैसे मागायला वर्ष-दीड वर्ष थांबा. मदरबोर्ड या व्हाइसच्या तंत्रज्ञानविषयक संकेतस्थळातून बाहेर पडलेल्या चार पत्रकारांनी ऑगस्ट २०२३ मध्ये ४०४ मीडिया हे स्वतःचं संकेतस्थळ काढलं आणि वाचकांच्या वर्गणीवर ते उभं केलं, पण त्या चौघांच्या नावामागे आधीच्या अनेक वर्षांच्या बातम्या होत्या. त्या नसत्या तर वर्गणी कशाची द्यायची, हे वाचकाला कळलं नसतं.

वर्षाच्या शेवटी फॉलोअरचा आकडा बाजूला ठेवून एक कोरा कागद घ्या. वर्षभरात किती अनोळखी माणसांनी आपणहून माहिती दिली? त्या क्षेत्रातल्या किती जाणकारांनी तुमचा लेख स्वतःच्या कामात उद्धृत केला? किती जणांनी उत्तरादाखल असं काही लिहिलं, जे तुम्हाला आधी माहीत नव्हतं? पहिल्या वर्षी हे आकडे दोन, तीन, पाच असे असतील, आणि तेवढे चालतात. मग गेल्या वर्षीचे सगळे लेख पुन्हा वाचा. कुठली उपकरणं बंद पडली, कुठली आश्वासनं पाळली गेली नाहीत, तुमचे कुठले अंदाज फसले हे पाहा आणि प्रत्येक लेखाच्या वर तारखेसह एक-दोन ओळींची नोंद घाला. मला या कामाला साधारण तीन दिवस लागतात, आणि पुढच्या वर्षाचे निदान चार लेख त्यातूनच निघतात.